बटणची लादी

"पोरांना काही सांगताना जपून सांग, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. "ती ऐकतात."

मी हसले होते. त्या क्षणी माझ्यासमोर सतरा मुलं होती आणि त्यातलं एकही ऐकत नव्हतं. एक माठाच्या तिवईवर चढलं होतं. दोघी एकाच चपलेसाठी एकमेकींचे केस ओढत होत्या. माझा स्वतःचा मुलगा, वय वर्षं चार, खिडकीच्या गजात तोंड घालून बाहेरच्या ट्रॅक्टरला शिव्या देत होता, आणि शिव्या सगळ्या आमच्या घरातल्याच होत्या.

"ऐकतात?" मी म्हटलं. "आई, इथं पालथ्या घड्यावर पाणी चाललंय."

"पाणी मुरताना दिसतं का कधी?" असं म्हणून त्या सुजलेला गुडघा धरून उठल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून घरी गेल्या.

आमचं घर कौलांच्या कारखान्यावर जगतं. नवरा दाबयंत्रावर. मातीचा गोळा साच्यात टाकायचा, दांडा खाली ओढायचा, कौल बाहेर. दिवसात हजार वेळा. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झालाय. सदरे शिवणारा शिंपी दर वेळी हसतो. सासूबाईंनी आयुष्यभर वाळवणाच्या मांडणीवरची कच्ची कौलं उलटली. बोटं वाकडी झाल्यावर त्यांना मुलांची खोली दिली. कामावरच्या बायकांची लहान मुलं दिवसभर तिथं सांभाळायची, चार अक्षरं, चार गाणी, आणि मुख्य म्हणजे कसं वागायचं ते शिकवायचं. बारा वर्षं त्यांनी ते केलं. मग गुडघा गेला आणि कॉलेज शिकलेली सून आहे म्हणून मालकानं ते काम मला दिलं.

ते वर्ष वाईट होतं. मातीसाठीचं तळं आटून मध्यावर आलं होतं. काठाची माती भेगाळून उलटी वळलेली, जुन्या जोड्यांच्या तळव्यांसारखी. गाळ काढायला माणसं कमरेपर्यंत उतरायची आणि वर आल्यावर त्यांच्या पायांवर तो गाळ वाळून तडकायचा. पाणी टँकरनं येत होतं. मालक चिडचिडे झाले होते. एका सकाळी खोलीच्या दारात उभे राहून, आत न येता म्हणाले, "हे बघा बाई, ह्या हंगामात फार तर तीन भट्ट्या निघतील. एकेक कौल मोजून आहे. एक जरी पोर मांडणीत घुसलं, एक जरी कौल फुटलं, तर खोलीला कुलूप. मग बायकांनी पोरं पाठीला बांधून काम करावं, नाहीतर घरी बसावं."

घरी बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आणि चिखलाच्या फळ्या उचलणारी बाई पाठीला पोर बांधून एक दिवसही टिकली नसती. हे सगळं माझ्या नियमांवर येऊन ठेपलं होतं.

मी रात्री बसून अकरा नियम लिहिले आणि सकाळी खडूनं दारामागे उतरवले. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारल्याशिवाय उठायचं नाही. आपली जागा सोडायची नाही. नाव घेतलं की 'हजर, बाई' म्हणायचं. मोठी माणसं काही विचारू लागली तर ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा. कच्च्या कौलाला बोट लावायचं नाही. असे अकरा.

घरी सासूबाईंनी, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून, माझा कागद नवऱ्याकडून वाचून घेतला. "अकरा?" त्या म्हणाल्या. "मी सासरी आले तेव्हा चार होते, त्यातला एक अजून पाळता येत नाही."

"कोणता?" नवरा म्हणाला.

"तोंड बंद ठेवायचा."

त्यांचे स्वतःचे नियम तीनच होते. चपला जोडीनं. पाणी पाळीनं. आणि बसायचं आपापल्या लादीवर. ही लादीची रीत त्यांचीच. नवं मूल आलं की ओल्या लादीवर त्याचा पंजा उठवायचा, लादी वाळवायची, भट्टीत भाजायची आणि खोलीत जमिनीवर मांडायची. ती त्याची जागा. मुलं सकाळी येतात, आपला हात आपल्या पंजाच्या खळग्यात ठेवून बघतात, मग त्यावर बसतात. हात वाढतो, पंजा तेवढाच राहतो.

आणखी एक गोष्ट त्या करत. संध्याकाळी घरी सोडताना भिंतीतलं रिकामं फडताळ उघडायच्या आणि म्हणायच्या, "सगळे नियम फडताळात!" मुलं ओंजळी भरून काही नसलेलं आत टाकायची, त्या दार लावायच्या आणि मुलं किंचाळत सुटायची. सकाळी पुन्हा दार उघडून ज्याचे त्याला वाटायच्या.

मी ते बंद केलं. मला वाटलं, मुलांनी बाहेरही नीट वागायला हवं. नियम म्हणजे काय छत्री आहे, उघडायला आणि मिटायला? फडताळात मी खडूचे डबे ठेवले.

हळूहळू खोली शांत झाली. खरं सांगते, मी मनातून फुलले होते. माझा मुलगा तेवढा भातातला खडा. "खोलीत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं," हे त्याला रोज सांगावं लागे, आणि रोज तो विचारी, "मग आई कुठं गेली?"

बटण आली ती दुसऱ्या भट्टीच्या आधी.

तिची आई नवी होती, कुठूनशी पाणी आटलं म्हणून निघालेली. दाबयंत्राखालून निघालेली ओली कौलं फळीवर घेऊन मांडणीपर्यंत न्यायची. बाई बारीक, मान लांब, डोक्यावर फळी असली की तिच्या मानेची शीर दोरीसारखी दिसायची. मुलीच्या फ्रॉकला मागे कोटाचं एक मोठं काळं बटण लावलेलं, म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बटण ठेवलं. आईसुद्धा तेच म्हणू लागली. वय साडेतीन, फार तर चार.

"त्रास नाही द्यायची," आई दारातून म्हणाली. "कुठं बसवली की बसते."

आणि ती खरंच बसली. तिच्याकडे बघताना मला माझ्या शिकवण्याची पहिल्यांदा जरा भीती वाटली आणि ती भीती मी कौतुक समजले. मी म्हटलं पाणी पाळीनं, तर शेवटची पाळी येईपर्यंत ओठ चाटत उभी. मी म्हटलं कच्च्या कौलाला बोट लावायचं नाही, तर मांडणीजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून, पोट आत घेऊन जायची.

"माझी लादी?" तिनं विचारलं. आधी हात वर केला, मी नाव घेतलं, मग विचारलं.

त्याच दिवशी नवऱ्यानं एक ओली लादी आणून दिली. मी तिचा पंजा त्यावर दाबला. तिनं श्वास रोखून धरला होता. हात उचलला तर मातीत रेषासुद्धा उठल्या होत्या.

"आता ही वाळेल, मग भट्टीत जाईल," मी म्हटलं. "आपली लादी जिथं, तिथं आपण बसायचं. समजलं?"

तिनं मान हलवली. लादी येईपर्यंत मी तिला एक पोतं घडी करून दिलं.

भट्टी भरायला दोन दिवस लागतात. माणसं कच्ची कौलं कडेवर उभी रचतात, मधून आग फिरावी म्हणून एकच माणूस आडवा जाईल एवढी बोळकांडी ठेवतात. लाद्या शेवटी, आतल्या भिंतीशी, कोपऱ्यात. मग तोंड विटांनी आणि चिखलानं लिंपतात आणि संध्याकाळी आग देतात. हे सगळं भट्टीकाकांच्या हाताखाली. भुवया जळून गेलेला, म्हातारा, कमी बोलणारा माणूस. तोंड लिंपण्याआधी ते वाकून आत तोंड घालायचे आणि तीनदा विचारायचे, "आत कोणी आहे का?" दर वेळी तीन श्वास थांबायचे. स्वतः भरलेली भट्टी, समोर दिसणारी. माणसं टिंगल करायची. "काका, कौलं ओ देणार नाहीत!" मीही हसायचे.

भरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटणची लादी मुलांच्या देखत आत गेली. त्या दिवशी दुपारी मालक खोली बघायला येणार होते. बरोबर कोणी पाहुणे. मी सकाळपासून चपला जोडीनं लावत होते, माठ पुसत होते, नियम पुन्हा ठळक करत होते. मुलं जेवून हात धुऊन आली. भट्टीवरची माणसंही जेवायला झाडाखाली गेली होती. खोलीपासून भट्टीचं तोंड वीस पावलं.

तेवढ्यात मला ते पोतं दिसलं. मळकं, कडेला उसवलेलं.

"हे काय इथं?" मी ते उचललं आणि माठामागे कोंबलं. "पोत्यावर कोण बसतं? आपापल्या लादीवर बसा बरं सगळे. मी नाव घेईपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही."

मी मुलांकडे आणि दाराकडे पाठ करून माठ पुसत बसले. एवढंच झालं. ह्याहून जास्त काही झालं नाही, हे मी पुढे शंभर वेळा स्वतःला सांगून बघितलंय.

वळून मी लाद्या मोजल्या. मी रोज तशीच मोजायचे, मुलं नाही, लाद्या. रिकामी लादी दिसली की कोण नाही ते कळतं. सतरा लाद्या, सतराही भरलेल्या. मी निश्चिंत झाले.

माझ्या मुलानं हात वर केला.

"आत्ता नाही," मी म्हटलं.

त्यानं दुसरा हातही वर केला. "बाई—"

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही म्हटलं ना? हात खाली."

बाहेर मालकांच्या गाडीचा आवाज झाला. माणसं जेवून उठली. काका भट्टीच्या तोंडाशी वाकलेले खिडकीतून मला दिसले. "आत कोणी आहे का?" त्यांचा घोगरा आवाज आला. तीन श्वास. पुन्हा तेच. पुन्हा तीन श्वास. तिसऱ्यांदा.

मग काका चिखल लावून विटेवर वीट रचू लागले.

"आई!" माझा मुलगा उभा राहिला, जागा सोडून, ओरडून, सगळे नियम एका दमात मोडून. "आई, बटण तिच्या लादीकडे गेली!"

मी त्याला मारायला हात उचलला होता. तो हात तसाच राहिला. पोतं. माठामागचं पोतं मला दिसलं.

मी कशी पळाले ते आठवत नाही. चपलांची रांग तुडवली एवढं आठवतं. काकांनी तीन थर लावले होते. "काका, थांबा! पोरगी आहे आत!"

"कोणी नाही. मी विचारलंय," काका म्हणाले, पण हात थांबले.

मी विटांवरून वाकले. आत काळोख, ओल्या मातीचा थंड वास, आणि काठोकाठ रचलेली हजारो कौलं. "कोण आहे का गं आत?" मी ओरडले. काहीच नाही. मागे मालकांचा आवाज, "काय गोंधळ आहे?" कोणीतरी म्हणालं, "बाईंना भास झाला."

मग मला माझेच शब्द आठवले. मी आवाज साधा केला, रोज हजेरीला असतो तसा.

"बटण."

"हजर, बाई," आतून आलं.

एवढंसं, स्पष्ट, अजिबात न घाबरलेलं. काकांच्या हातातली वीट त्यांच्या पायावर पडली आणि त्यांना ते कळलंही नाही.

"बाहेर ये, बाळा," मी म्हटलं. "ऊठ. मी सांगतेय ना, ऊठ."

काकांनी थर उतरवले. ती बोळकांडीतून आली, आडवी होऊन, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, पोट आत घेतलेलं, पावलाला पाऊल लावत. उजेडात आल्यावर तिनं डोळे मिचकावले. मी तिला उचललं. ती शांत होती.

"बेटा, मी तीनदा विचारलं की," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर ती म्हणाली, "मी हात वर केला होता. तीनदा. काकांना दिसला नाही."

काळोखात. मी बोट ठेवून शिकवलेला पाचवा नियम.

काका कंदील घेऊन आत गेले. खूप वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी डोक्याचं फडकं काढून हातात धरलं होतं. मालकांनी विचारलं, "किती फुटली?"

"एकही नाही," काका म्हणाले. "पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. तिच्या लादीशेजारी तिच्या बुडाएवढी जागा पुसून स्वच्छ केलीय. लादीवर बसली नाही, कच्ची आहे म्हणून. शेजारी बसली. एका कौलावर बोट नाही, मालक. मी चाळीस वर्षं भरतोय, मला असं जाता येत नाही."

मालकांनी त्या बोळकांडीकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. कुलुपाचं नाव काढलं नाही. पाहुण्यांना घेऊन गाडीकडे गेले आणि गाडीत बसल्यावरही बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

तिची आई फळी डोक्यावर घेऊनच आली होती. कुणीतरी फळी उतरवली. मी तिचे हात धरले, काय काय बोलले. तिनं मुलीच्या गुडघ्यावरची माती झटकली आणि थकलेल्या अभिमानानं म्हणाली, "मी म्हटलं होतं ना बाई. कुठं बसवली की बसते."

घरी मी सासूबाईंच्या पायाशी बसले. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "जेव. आणि उद्या फडताळातले खडू काढ." मग थोड्या वेळानं नातवाला जवळ ओढून, त्याच्या पाठीवर हात फिरवत, "हा आमचा लफंगा. देव ह्याला असाच ठेवो."

दुसऱ्या दिवशी मी दारामागचे नियम पुसले. तीन ठेवले. चौथा लिहिला: भीती वाटली की ओरडायचं, न विचारता. मुलं एकमेकांकडे बघू लागली, हा कसला नियम म्हणून. ओरडायचा सराव घेतला तेव्हा माझ्या मुलानं छप्पर उचललं. बटणनं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. तिनं हात वर केला.

"हात नको गं. नुसतं ओरड."

तिनं हात खाली घेतला आणि वाट बघत बसली. संध्याकाळी मी फडताळ उघडलं. सगळ्यांनी ओंजळी रिकाम्या केल्या. ती तिच्या दोन्ही मुठी घट्ट मिटून उभी होती. मला वाटलं, होईल हळूहळू. आठ-पंधरा दिवस लागतील.

मला सहा मिळाले. तळं सातव्या दिवशी संपलं. तिसरी भट्टी निघालीच नाही. जी माणसं बाहेरून आली होती ती ज्या लॉरीतून आली त्याच लॉरीतून निघाली, पाणी असेल तिकडच्या कुठल्यातरी भट्टीवर. काका बटणची लादी घेऊन धावत आले. भाजून छान लाल झाली होती, पंजाच्या रेषा तशाच. लॉरीच्या फळीवर बोचक्यांमध्ये आईनं ती ठेवली, मुलीनं हात खळग्यात ठेवून बघितला आणि ती त्यावर बसली.

"बटण," मी खालून म्हटलं.

"हजर, बाई."

"आता मी नाव घेणार नाही. कुणी घेतलं नाही तरी बोलायचं. पाहिजे तेव्हा उठायचं. समजलं?"

तिनं विचार केला. हात वर केला. मी मान हलवली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

लॉरी सुरू झाली. मी "आत्तापासून" असं ओरडले, पण त्या आवाजात मलाच ते ऐकू आलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत तिचा हात वर दिसत होता.

ह्याला चार वर्षं झाली. तळं भरलं, मालकांनी खोलीला नवं छप्पर घातलं, माझा मुलगा मोठ्या शाळेत रोज शिक्षा खातो. त्या बाईचा पत्ता कुणाला माहीत नाही. मी विचारायचं सोडलेलं नाही.

तुमच्या आसपास एखादा कारखाना असेल, भट्टी असेल, किंवा नुसती शाळा, तर एकदा आत डोकावा. सात-आठ वर्षांची मुलगी आहे का बघा, पाठीमागे हात बांधणारी. मास्तर तिचं कौतुकच करतील, सांगतील की हिचा काही त्रास नाही. तेवढ्यावर परत फिरू नका. सगळ्यांना मिळून विचारलंत तर ती बोलणार नाही, तिच्याजवळ जाऊन नाव घ्या. बटण म्हणा. ओ आली तर तिला एवढंच सांगा, बाईंनी निरोप दिलाय: सगळे नियम फडताळात. आणि ती उठून पळेपर्यंत तिथंच थांबा.